आवणीचा पाय

आषाढ लागला की बेडशाच्या लेण्याबद्दल एक आवई उठते. लेण्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर म्हणे एका बाईची पावलं दिसतात, आणि ती फक्त वर जाणारी असतात. खाली आलेली पावलं आजवर कुणी पाहिलेली नाहीत.

कार्ल्याच्या फाट्यावर कणसं भाजणारा बजरंग ही गोष्ट गिऱ्हाइकाला कणसाबरोबर फुकट देतो. त्याची सांगायची तऱ्हा ठरलेली. लिंबाची फोड तिखटमिठात बुडवायची, कणसावर फिरवायची, अर्ध्यावर हात थांबवायचा आणि आवाज खाली आणायचा. "सायेब, बेडशाला चाललाय न्हवं? मग पायऱ्यांवरचा चिखुल बघत जावा. उजव्या पायाची टाचच उमटत न्हाई तितं. आन समदी पावलं वरच्या तोंडाची." पुण्याची पोरं लगेच मोबाईल काढतात. त्यांच्यातली एखादी मुलगी "ए, काहीही काय" म्हणते, आणि मग सगळा चढ खाली मान घालून चढते. कामशेतच्या शाळेतली पोरं याच्याही पुढची. त्यांच्या मते त्या बाईचे पाय उलटे आहेत, ती लेण्यातच राहते आणि खांबांवरच्या दगडी माणसांशी गप्पा मारते.

आता खरं काय ते. पावलं खरी आहेत. पावसात डोंगरावरची माती वाहून पायऱ्यांवर बसते, तिच्यात ती उमटतात, सगळी वरच्या तोंडाची, आणि उजव्या पावलाची टाच नसते हेही खरं. बाईसुद्धा खरी आहे. तिचं नाव सरूबाई, ती बेडशात खालच्या आळीला राहते, आणि तिचे पाय तुमच्याआमच्यासारखेच पुढे बोटं, मागे टाच असे आहेत. फक्त ती पायऱ्या पाठमोरी उतरते. तोंड लेण्याकडे, पाठ गावाकडे, शिडीवरून उतरावं तशी. त्यामुळे जातानाचीही पावलं वर बघतात आणि येतानाचीही.

ती पाठमोरी का उतरते, हे मात्र बजरंगाला माहीत नाही. कणीस संपेपर्यंत सांगून होणारी ती गोष्टच नाही.

सरूबाईचं माहेर वलवणचं, धरणाच्या अंगाचं. लग्न होऊन बेडशाला आली तेव्हा तिला आवणी नीट येत नव्हती. भाताची रोपं वाफ्यातून उपटून, मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरात लावायची, हे ती माहेरी बघत आली होती. पण बघणं वेगळं आणि कंबरेत वाकून दिवसभर मागं मागं सरकणं वेगळं. सासूनं शिकवलं. आवणीत माणूस पुढे चालत नाही, लावलेलं तुडवलं जाईल म्हणून मागे सरकतो. मागे पाय टाकताना आधी चवडा चिखलात जातो, टाच नंतर. आणि पाय काढताना चिखल टाच धरून ठेवतो. सासू म्हणायची, "टाच दिलीस की अडाकलीस." सरूबाई पहिल्या वर्षी पुष्कळ वेळा अडकली आणि तितक्या वेळा बसली. तिसऱ्या वर्षी आळीतल्या बायका तिला ओळीच्या कडेला उभी करायला लागल्या, कारण कडेची बाई सरळ सरकली तर सगळ्यांची ओळ सरळ येते.

तिचा नवरा धोंडिबा लोणावळ्याला रेल्वेत गँगमन. घाटात रूळ सरकले, खडी दबली की त्याची टोळी पहारी घेऊन जायची. टोळीत एकजण हाळी देणारा असतो, त्याच्या शब्दावर सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. त्या टोळीचा हाळी देणारा धोंडिबा होता. त्याचा आवाज मोठा नव्हता, थोडा घशात अडकल्यासारखा, खरखरीत. पण त्याच्या हाळीला कधी कुणाची पहार पायावर पडली नाही. "घे" म्हटलं की पहारी उचलायच्या, "टेक" म्हटलं की रुळाखाली घालायच्या, आणि सगळ्या पहारींचा खडीवर आवाज झाल्याशिवाय पुढचा शब्द तो तोंडातून काढायचाच नाही.

सुहास, त्यांचा मुलगा, तेव्हा रांगत होता. आवणी निम्मी झाली होती. सरूबाई डोक्यावर मुठींची पाटी घेऊन बांधावरून खाचरात उतरली, उजवी टाच चिखलात रुतली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून ती वळली. अंग वळलं, पाय वळला नाही. मोडल्याचा आवाज शेजारच्या खाचरातल्या बाईनं ऐकला.

त्या दिवसांत अशा कामाला पलीकडच्या वाडीतला हौशीराम. हाडं बसवण्यात त्याचं नाव होतं. त्यानं अंड्याच्या बलकात लेप कालवला, बांबूच्या कामट्या तासून ठेवल्या आणि नाकातल्या आवाजात विचारलं, "बाईमानसाचं काम काय?" कुंभार असेल तर वेगळा बांधतो, डोंगर चढणारा असेल तर वेगळा, असं त्याचं शास्त्र होतं. धोंडिबा म्हणाला, आवणी. सरूबाईनं दात आवळूनच सांगितलं, "निम्मी ऱ्हायलीय. आवणीला चालंल असा बांधा." मग हौशीरामानं धोंडिबाला सांगितलं, चिखलात जातो तसा पाय धर. धोंडिबानं पहार धरणाऱ्या हातांनी तिचा चवडा खाली दाबला, टाच वर घेतली, आणि लेप वाळून कामट्या आवळेपर्यंत तसाच धरून ठेवला. तिघांनाही वाटलं, काम नीट झालं.

गणपतीत कामट्या सोडल्या. पाय तसाच राहिला होता. चवडा खाली, टाच वर. सरूबाई उभी राहिली तर उजवी टाच जमिनीला लागेना. तिनं हातानं दाबून पाहिलं, धोंडिबानं दाबून पाहिलं, हौशीरामानं तेलात चोळून पाहिलं. मग हौशीराम म्हणाला, चालता चालता येईल खाली. ती आली नाही.

रस्त्यावर तिची चाल ऐकूनच कळायची. टक, खस्स. टक, खस्स. चवडा टक, दुसरा पाय खस्स. आळीतली पोरं तिच्यामागं तशी चालायची आणि ती वळली की पुतळे व्हायची. पण पुढच्या आषाढात ती खाचरात उतरली आणि बायका बघतच राहिल्या. पाठमोरी सरकताना तिचा उजवा पाय सुईसारखा चिखलात जायचा आणि सुईसारखा बाहेर यायचा. चिखलाला धरायला टाचच नव्हती. खाचरात ती लंगडत नव्हती. सगळ्या वर्षात तेवढेच दिवस ती लंगडत नसायची.

त्यावर नवरा-बायकोचं एक भांडण होतं, जन्मभर पुरलेलं. जेवताना कधीही निघायचं. तो म्हणायचा, "म्या दाबून धरला म्हनून तसा ऱ्हायला." ती म्हणायची, "म्या सांगितलं म्हनून तुमी धरला." तो म्हणायचा, बाईमाणूस दुखण्यात काहीही बोलतं, धरणाऱ्याला अक्कल नको? ती म्हणायची, अकलेचं बोलू नका, पाय माझा, आवणी माझी. दोघंही चूक आपल्याकडे ओढायचे आणि दोघंही सोडायला तयार नव्हते. मग तो तिच्या ताटात भाकरीचा तुकडा टाकायचा आणि विषय पुढच्या जेवणापर्यंत मिटायचा.

पुष्कळ वर्षांनी लोणावळ्यात एका शाळेत हाडांच्या दुखण्यांचं शिबिर लागलं. सुहास तेव्हा तळेगावला कंपनीत लागला होता, तो दोघांना घेऊन गेला. तिथली डॉक्टरीण तरुण होती, बोलायची भरभर, पण माणूस समोर नीट बसलंय की नाही ते बघून बोलायची. तिनं घोट्याचा एक्स-रे फोटो उजेडाला धरला. मग आपल्या डाव्या हाताची दोन बोटं खाली करून चिमटा केला आणि उजव्या हाताची मूठ त्यात घातली. "हे बघा आजी, नडगीचं हाड इकडून येतं, बाहेरचं बारीक हाड तिकडून. दोघांची ही खोबण. तिच्यात हे हाड बसतं, पुढे रुंद, मागे निमुळतं. पाऊल वर घेतलं की रुंद भाग खोबणीत येतो आणि घोटा घट्ट होतो. पाऊल खाली केलं की निमुळता भाग येतो आणि घोटा सैल पडतो. म्हणून माणसाचा पाय उतरताना मुरगळतो."

धोंडिबा पुढे सरकला. रुळाला पाचरीसारखी चावी ठोकतात, ती त्यानं आयुष्यभर पाहिली होती. "म्हंजी हिची चावी उलटी ऱ्हायलीय," तो म्हणाला. "बारीक तोंड आत, रुंद तोंड भायेर."

डॉक्टरीण हसली, म्हणाली, अगदी तसंच. रुंद भाग इतकी वर्षं खोबणीत गेलाच नाही, त्यामुळे पुढची जागा भरून आली आहे, आणि पोटरीची शीर आखडली आहे. पण घोट्याच्या खाली आणखी एक सांधा असतो, तळवा आत-बाहेर झुकवणारा, बांधावरून चालताना लागतो तो. तो अजून चांगला आहे, त्याच्या जिवावर तुम्ही चालताय. ऑपरेशन करता येईल. शीर लांबवायची, पाऊल काटकोनात आणायचं. टाच टेकेल.

टाच टेकेल, हे शब्द ऐकून धोंडिबानं डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं. सरूबाईनं विचारलं, "आन चिखलात?" डॉक्टरिणीला वाटलं ही काळजीनं विचारते आहे, म्हणून तिनं सांगितलं की वर्षभर तरी चिखलात जायचं नाही.

ते वर्ष कधी सापडलंच नाही. आधी आवणी आडवी आली. मग धोंडिबाची नोकरी संपायची होती, मग सुहासचं लग्न, मग कोरोनात कोण दवाखान्याची पायरी चढतंय. धोंडिबा दर दिवाळीला म्हणायचा, औंदा करूनच टाकू. ती म्हणायची, करू की. आणि दोघं लेण्याला जायचे.

लेण्याला जाणं त्या घरात छप्पन सालापासूनचं. सासऱ्यांनी दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, घरातल्या माणसांनी वर जायचं, चैत्यात फुलं ठेवायची, वंदना म्हणायची. पाय मोडल्यावर पहिल्या पौर्णिमेला सरूबाई हट्टानं वर गेली. चढायला अडचण नव्हती, चवड्यावर चढता येतं. उतरायला मात्र जमेना. पुढे तोंड करून पाय टाकला की चवडा पायरीच्या कडेवरून निसटायचा आणि घोटा आतल्या आत डुलायचा. तेव्हा धोंडिबा तिच्या दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला. म्हणाला, वळ. तोंड डोंगराकडं कर. खाचरात सरकतीस तशी सरक. मी हाय मागं.

आणि त्यानं हाळी दिली. "घे." तिनं उजवा पाय उचलून मागे, खाली सोडला. "टेक." चवड्याला पायरी लागली. तिच्या घोट्यातून वजन पडताना एक आवाज यायचा, वाळलेली काडी मोडावी तसा, कट. तो आवाज ऐकून धोंडिबा म्हणायचा, "सोड." मग ती वरच्या पायरीवरचा हात सोडायची. पायरीमागून पायरी अशी. मध्ये बातम्याही असायच्या. हितं शेवाळ हाय. ही खोल हाय, भिऊ नगं. खालून कोन बाई येतीय ती लय नटलीय, थांब, जाऊंदे तिला.

वर चैत्यासमोरच्या उंच खांबांवर दगडी जोडपी बसली आहेत, कुणी घोड्यावर, कुणी बैलावर. धोंडिबाचा त्यांच्यावर एक विनोद होता आणि तो दरवर्षी नवा असल्यासारखा सांगायचा. "बघ सरे, दोन हजार वर्सं झाली, खाली उतरली न्हाईत. त्यांच्या गड्याला हाळी येत न्हाई." ती दरवर्षी म्हणायची, "चला आता, दिवा लावायच्या आत घरी पोचू द्या."

घराच्या ओट्याला पायऱ्या थोड्याच. तिथंही तो गमतीनं हाळी द्यायचा, आणि शेजारपाजारच्यांना ते इतकं सवयीचं झालं होतं की कट ऐकू आला की कुणीतरी आपल्या घरातून "सोड" म्हणायचं. शेजारचं घर अल्लाउद्दीन किराणावाल्याचं. त्याची मुलगी नुसरत, म्हणजे हे लिहिणारी, बोलायला लागली तेव्हा अब्बाच्या आधी "टेक" म्हणाली, असं तिची आई सांगते.

धोंडिबा माघात गेला. दुपारी छातीत कळ आली, गाडी कामशेतपर्यंतसुद्धा पोहोचली नाही.

दहनाची जागा ओढ्याकाठी. तिथं जायला दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. त्रिशरण म्हणत माणसं पुढे निघाली, सरूबाई त्यांच्याबरोबर चालली. पायऱ्यांशी आल्यावर ती सवयीनं वळली. पाठ ओढ्याकडे, तोंड घराकडे. ज्याला पोहोचवायला निघाली होती तो तिच्या पाठीमागे खाली चालला होता, आणि ती बघत होती आपल्या घराच्या कौलांकडे. सुहासनं हात धरला. म्हणाला, "आई, चल, मी धरलंय ना." तिनं उजवा पाय मागे सोडला. चवडा टेकला. कट झालं. मग ती थांबली. सुहास म्हणत होता, चल, चल. ती कशासाठी थांबली आहे ते त्याला कळेना, आणि तिला सांगता येईना. खालची माणसं दूर गेली. तिथंच, पहिल्या पायरीवर, ती डोंगराकडे तोंड करून उभी राहिली आणि धूर वर आला तो तिनं मान वळवून पाहिला.

त्यानंतर ती ओट्यावरूनही गरजेपुरतीच उतरायची. कट ऐकू यायचं. आळीत कुणाच्याही तोंडून पुढचा शब्द निघायचा नाही.

सुहास दर रविवारी यायचा. त्याचं म्हणणं होतं, तळेगावला चल, लिफ्ट आहे, पायरीचा प्रश्नच नाही. खाचरं वाट्यानं देऊ. कंपनीत बोलतो तसंच आईशी बोलायचा: आई, रिस्क आहे, उगाच इश्यू नको. आषाढ आला तसं त्यानं सांगून टाकलं की यंदा लेण्याला जायचं नाव काढायचं नाही. वर जाशील, खाली कशी येशील?

सरूबाई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं, "त्यांच्या दिवशी मला खाली जाता आलं न्हाई. ह्या पुनवेला मी वर जानार आन माझ्या पायानं खाली येनार. न्हाई आले तर तू म्हनशील तितं ऱ्हाईन. लिफ्टीत ऱ्हाईन."

पौर्णिमेला पाऊस भुरभुर होता. आळीतली माणसं वर गेली, वंदना झाली, फुलं वाहून झाली. सरूबाईनं खांबांवरच्या जोडप्यांकडे एकदा पाहिलं. मग तिनं सगळ्यांना पुढे घातलं. सुहासलाही. तो खालच्या वळणावर छत्री घेऊन उभा राहिला, तिथून हलणार नाही म्हणाला. वरच्या पायरीवर ती आणि नुसरत दोघी राहिल्या.

नुसरतला आवाज काढायचा नाद आहे. बजरंगाचा काढते, एसटीच्या कंडक्टरचा काढते, मोबाईलमधल्या बाईचा तर असा काढते की तिचे अब्बा खिसे चाचपतात. धोंडिबाचा आवाजही तिच्या गळ्यात होता, खरखर, घशातली अडक, सगळं. माघापासून तिनं तो काढला नव्हता.

"मावशी," ती म्हणाली, "मी खाली उभी ऱ्हाते आन आबांची हाळी देते. तुमी डोळं मिटा. आबा न्हाईत त्ये तुमाला कळायचं न्हाई. लावा पैज."

सरूबाई तिच्याकडे वळली. नुसरतला वाटलं, आता थोबाडीत बसते. "जिकलीस तर?" सरूबाईनं विचारलं.

"तर तुमची चाल सगळ्यांम्होरं करून दावनार."

"ती चोरून करतीसच की, भवाने. आन हरलीस तर वरचं खाचर एकटीनं लावायचं. मागं मागं सरकत."

ठरलं. सरूबाई वळली, वरच्या पायरीवर हात टेकला, डोळे मिटले. नुसरत दोन पायऱ्या खाली गेली.

"घे," धोंडिबाचा आवाज आला. खालच्या वळणावर सुहासच्या हातातली छत्री कलंडली. "टेक. सोड. घे. टेक. सोड. हितं शेवाळ हाय, सरे. घे. टेक. सोड." आवाज इतका जमला होता की पुढे गेलेल्या माणसांतला एक म्हातारा मागे वळून हात जोडून उभा राहिला. सरूबाई एक पायरी उतरली, दुसरी उतरली. तिसऱ्या पायरीला चवडा टेकला आणि ती थांबली. डोळे उघडले नाहीत.

"हरलीस," ती म्हणाली.

नुसरतनं आपल्याच आवाजात विचारलं, काय चुकलं.

"आवाज त्यांचाच हाय ग. काळजात गेला. पर त्ये आधी ऐकायचं." तिच्या गालावर पाणी होतं, पावसाचं नसावं, कारण तोंड तिनं डोंगराच्या आडोशाला घातलं होतं. "टेक म्हनून झालं की गप ऱ्हायचं. माझा घोटा बोलला की मग सोड म्हनायचं. तू बोलत सुटलीस. तुज्या बोलन्यावर उतरले तर पडंन मी."

नुसरत म्हणाली, परत देते, आता थांबून देते. सरूबाईनं मान हलवली. "आता तू बोलू नगं. बाजूला हो. मलाबी ऐकू येतं की माझं."

आणि ती स्वतःच म्हणाली, "घे." बारीक, कोरड्या आवाजात, स्वतःच्या. पाय मागे सोडला. "टेक." मग शांत राहिली. पाऊस पानांवर वाजत होता. कट. "सोड." हात सुटला. पुन्हा घे. मध्येच एका पायरीला चवडा घसरला, सुहास धावत वर आला, तिनं त्याला आवाजानंच थांबवलं आणि पायरी चाचपून परत म्हणाली, टेक. खालच्या वळणापर्यंत यायला तिला इतका वेळ लागला की पुढची माणसं गावात पोहोचली असतील. वळणावर ती थांबली नाही. गावात आल्यावर घराकडेही वळली नाही. सरळ ओढ्याकडे गेली, पायऱ्यांशी पाठमोरी झाली आणि त्याही तशाच उतरली, घे, टेक, सोड करत, काठापर्यंत. तिथं आता काळी माती होती आणि तिच्यावर गवत आलं होतं. ती तिथं बसली. सुहास वर, पायऱ्यांच्या तोंडाशी, छत्री मिटून उभा होता. घरी जाताना त्यानं तळेगावचा विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात वरचं खाचर लावायला नुसरत गेली. पैज ती पैज. चिखलानं तिची टाच धरली, ती बसली. उठली, परत धरली, परत बसली. मुठीतली रोपं वाकडी, ओळ नदीसारखी. बांधावर सरूबाई पोत्याची खोळ पांघरून बसली होती. बराच वेळ हसली, धोंडिबा गेल्यापासून पहिल्यांदाच आळीनं तिला हसताना ऐकलं. मग तिनं हाळी दिली. "घे." नुसरतनं पाय चिखलातून ओढला. "टेक." चवडा मागे घातला, टाच वर ठेवली, वाट बघत उभी राहिली.

सोड आलं नाही. पंधरा वर्षांच्या पोरीचा घोटा काही वाजत नाही, तेल घातलेल्या बिजागरीसारखा आत-बाहेर होतो. नुसरत म्हणाली, मावशी, वाजायचा न्हाई तो, म्हना सोड. सरूबाई ओढ्याच्या अंगाला बघत बसली होती, कान देऊन. मग म्हणाली, सोड.

सगळं खाचर तिनं तसंच लावून घेतलं. प्रत्येक पावलाला थांबून.